मागचं बटण

३ मार्च, सोमवार

साहेबांनी आज मला डिझाइनच्या खोलीतून उचलून खालच्या मजल्यावर, प्रतिसाद विभागात आणून बसवलं. तात्पुरतं, म्हणाले. "मशीन तुमच्याइतकं कोणाला कळतं? लोक काय म्हणतात ते तुम्हीच वाचा, महिनाअखेरीस अहवाल द्या, मग परत वर घ्यायचं बघू." हा माझा सन्मान आहे असं मी धरून चाललो आहे. खोलीला खिडकी नाही. खुर्चीचं एक चाक निखळलंय, त्यामुळे दिवसभर मी थोडा डावीकडे कललेला असतो.

ही वही त्यासाठीच काढली. दिवसभर दुसऱ्यांची रडगाणी ऐकायची तर आपलंही कुठेतरी ओकायला हवं.

तर आमच्या डेस्कटॉपची नवी मालिका तीन आठवड्यांपूर्वी बाजारात आली. तीन मापं, तीन रंग. आतलं सगळं इतरांचं, चेहरा मात्र माझा. समोरून डबा अगदी कोरा. भोक नाही, दिवा नाही, बटण नाही. चालू-बंदचं बटण मागे, खाली, डाव्या कोपऱ्यात. अठरा वर्षांच्या नोकरीत जशीच्या तशी मान्य झालेली माझी ही एकमेव कल्पना. ती सुचली बायकोमुळे. केर काढताना तिच्या झाडूचा दांडा जुन्या कॉम्प्युटरच्या पुढच्या बटणावर आपटला आणि माझं सहा दिवसांचं काम उडालं. तेव्हाच ठरवलं की बटण अशा जागी न्यायचं, जिथे कोणाचा दांडा पोचणार नाही.

दुसऱ्या खेपेचे साचे शुक्रवारी, २८ तारखेला कायम होतील. बटण मागेच राहणार की पुढे येणार ते माझ्या अहवालावर ठरेल. एकदा साचा कायम झाला की तीन-चार वर्षं त्याला कोणी हात लावत नाही. म्हणजे या महिन्यात मला माझं बटण वाचवायचं आहे.

५ मार्च, बुधवार

लोकांना काय म्हणावं!

"डबा फारच सुंदर आहे. चालू कसा करायचा?" हे एका शाळेने विचारलंय. शाळेने!

"आमच्या मशीनला बटण बसवायचं राहून गेलं आहे. कृपया बदलून द्यावं." एक वकील.

"तीन दिवस झाले, भिंतीला लावून ठेवलेलं टेबल रोज ओढतो आहोत. फरशीला चरे पडले." दवाखान्यातली स्वागतिका.

माहितीपुस्तिकेच्या पहिल्याच पानावर तळहाताएवढं चित्र आहे, बाण काढून. पण वाचतो कोण? पालथ्या घड्यावर पाणी. माणसाने दिवसातून एकदा वाकलं तर काय आकाश कोसळतं? नाचता येईना अंगण वाकडं.

प्रतिसाद सात खान्यांत टाकायचे असतात. रंग, आवाज, वेग, स्क्रीन, जोडण्या, वापरणाऱ्याची चूक आणि इतर. हे खाने मीच आखून दिले होते, जानेवारीत. बटणाला वेगळा खाना ठेवला नाही, कारण बटण ही काय तक्रार करायची गोष्ट आहे? तेव्हा हे सगळे सहाव्या खान्यात. वापरणाऱ्याची चूक.

शेजारच्या टेबलावर फोन घेणाऱ्या ताई बसतात. कानात फोन, हातात विणकाम. बारा वर्षं हेच करताहेत. माझा सहावा खाना बघून म्हणाल्या, "हा खाना भरत आला की हो. वाटी लहान पडतेय."

मी पुढचा कागद उचलून तोही सहाव्यात टाकला.

९ मार्च, रविवार

सकाळी आईकडे. तिला कर्मचाऱ्यांच्या वाट्यातलं एक मशीन मी पहिल्याच आठवड्यात नेऊन दिलंय, निळं. स्वतः टेबलाखाली शिरून जोडून दिलं. आई तीस वर्षं टायपिंगचा क्लास चालवायची, अर्ध्या गावाने तिच्याकडून बोटं शिकून घेतली. आता क्लास नाही, पण आजूबाजूचे लोक अर्ज, पत्रं, तक्रारी घेऊन येतात आणि ती टाइप करून देते. तेवढंच तिचं जग, आणि तिथे ती कोणाला ढवळाढवळ करू देत नाही. मलाही नाही.

साडेआठला पोचलो तर मशीन चालूच. डबा चांगला गरम झालेला, म्हणजे रात्रभर चालू असणार.

"बंद का करत नाहीस गं?"

"असू दे रे. पुन्हा कोण..." एवढं बोलून ती चहाचं बघायला उठली.

माझ्या लक्षात आलं. इतका आवडलाय की बंद करवत नाही! निदान एका गिऱ्हाइकाला तरी कदर आहे. तिला मुद्दाम विचारलं, "कसा वाटला?" म्हणाली, "छान दिसतो. स्वच्छ. मन लावून केलाय कोणीतरी." बरं वाटलं.

तिचा उजवा खांदा अजून धरलेलाच आहे. हात कानापर्यंतसुद्धा जात नाही. व्यायाम करत जा म्हणून सांगितलं. टेबलाच्या कडेला पडद्याचा एक दांडा टेकवून ठेवलेला होता. विचारलं तर म्हणाली, जाळी काढायला. टेबलाखाली एवढी जाळी कुठून होतात कोण जाणे.

१२ मार्च, बुधवार

आजचा प्रतिसाद क्रमांक ११४६ इथे उतरवून ठेवतो, कारण असला नमुना पुन्हा मिळायचा नाही.

"माझा खांदा वर होत नाही आणि मला खाली वाकता येत नाही. लाइट गेली की मशीन बंद पडतं. मग मी काठीने बटण दाबते. तीनदा चुकतं, चौथ्यांदा लागतं. बटण दिसावं म्हणून मागे आरसा ठेवला आहे. बाकी मशीन चांगलं आहे. ज्याने केलं त्याने मनापासून केलं आहे, त्याला कोणी रागावू नये. फक्त बटण जरा पुढे घेता आलं तर बघावं."

काठीने! कॉम्प्युटर चालू करतेय की म्हैस हाकतेय? जेवणाच्या सुट्टीत मी हे सगळ्यांना वाचून दाखवलं, तीनदा-चौथ्यांदा हातवारे करून. अख्खं टेबल हसलं. फोनवाल्या ताई तेवढ्या हसल्या नाहीत.

बाईने प्रत्येक पूर्णविरामानंतर दोन जागा सोडल्या आहेत. ही जुन्या टायपिंग क्लासची खोड, आई अजून तसंच करते. ही कोणी तिच्याच हाताखालून गेलेली असणार. पुढच्या वेळी आईला विचारायला हवं, ती सगळ्या विद्यार्थिनींना नावानिशी ओळखते.

सहावा खाना.

दुपारी ताई म्हणाल्या, "त्या काठीवाल्या बाईंच्या मशीनचा नंबर बघितलात का?"

"नंबराचं काय लोणचं घालायचंय?"

"बघा आपला एकदा. कर्मचाऱ्यांच्या मशीनचे नंबर शून्यापासून सुरू होतात, एवढं मला माहीत आहे."

म्हणजे आमच्याच कंपनीतल्या कोणाच्या तरी घरातून तक्रार गेलीय. धन्य आहे! घरचेच असे म्हटल्यावर बाहेरच्यांना काय बोलणार? कोणाचं घर ते शोधत बसायला मला वेळ नाही. उद्या साहेबांना आकडे द्यायचे आहेत.

१४ मार्च, शुक्रवार

साहेबांनी आकडे बघितले. सहाव्या खान्यात शंभरातले एकसष्ट.

"आपली एकसष्ट टक्के गिऱ्हाइकं मूर्ख आहेत?"

"मूर्ख नाही, सर. बेसावध."

साहेबांनी पेन टेबलावर आपटलं. मग म्हणाले, "समोर एक स्टिकर लावू. बाण काढून, 'बटण मागे आहे'."

माझ्या कोऱ्या चेहऱ्यावर स्टिकर! बांधायचा संगमरवर आणि वर डकवायचं वर्तमानपत्र. मी नको म्हणालो. साहेब म्हणाले, "मग अहवालात पटवून द्या. मला काय, कसंही चालेल. लोकांचे फोन थांबले पाहिजेत."

१९ मार्च, बुधवार

आज डोकंच फिरलं. प्रत्यक्ष बघावं म्हणून आमच्या मालाच्या मोठ्या दुकानात गेलो. मांडणीत आमची नऊ मशीन ओळीने ठेवलेली, आणि नऊच्या नऊ उलटी! वायरी, भोकं, पंख्याची जाळी, सगळा पसारा गिऱ्हाइकाकडे आणि माझी समोरची बाजू भिंतीकडे.

दुकानदाराला विचारलं, "हे काय?"

"काय म्हणजे? दिवसातून चाळीस वेळा चालू करून दाखवायचं असतं. माझी कंबर काय कंपनी भरून देणार?"

"पण समोरची बाजू दिसत नाही ना."

"समोर आहे काय दिसायला?"

अठरा वर्षं!

मी कोण ते सांगितलं नाही. निघताना तो मागून ओरडला, "कंपनीत कोणी ओळखीचा असला तर सांगा त्याला, एकदा येऊन वाकून दाखव म्हणावं!"

रस्त्याने येताना मनातल्या मनात त्याला चार चोख उत्तरं दिली.

२२ मार्च, शनिवार

साचेवाल्या काकांचा फोन. हे गृहस्थ मी नोकरीला लागायच्या आधीपासून साचे करताहेत, आणि आपल्याला सगळं कळतं असं त्यांना वाटतं. दुर्दैवाने त्यांना कळतंही.

"शुक्रवारी संध्याकाळी पाचला मी साचा कायम करणार. तोवर मनात काही आलं तर सांगा. पुढच्या पट्टीत मी बटणापुरती जागा ठेवलीय. आत एक खिळा आहे, तो काढला की तिथे भोक पडतं. दहा मिनिटांचं काम."

"मला न विचारता ठेवलीत?"

"विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता."

"आताही नकोच म्हणतोय."

"म्हणा की. खिळा कुठे पळून जातोय?"

फोन ठेवल्यावर पाच मिनिटं मी खोलीत येरझाऱ्या घातल्या. ज्याला त्याला माझं बटण हलवायचंय. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, अशातली गत.

२३ मार्च, रविवार

आईकडे गेलो नाही, अहवाल लिहीत बसलो. बायको एकटीच जाऊन आली. आल्यावर भाजी चिरता चिरता एकदम म्हणाली, "तू एकदा जाऊन ये तिकडे. दुपारचा जा, न सांगता."

"का? आईला बरं नाही?"

"बरं आहे. मला काही बोलायचं नाहीये, मी शब्द दिलाय. तू जा फक्त."

या सासू-सुनेचं काय शिजतं ते देव जाणे. मी म्हटलं, शुक्रवार उलटला की जाईन. तिने सुरी खाली ठेवली आणि म्हणाली, "शुक्रवारच्या आधी जा."

आता शुक्रवारचा आणि आईचा काय संबंध?

२५ मार्च, मंगळवार

अहवाल झाला. अठ्ठावीस पानं. शेवटची ओळ: "बटणाची जागा योग्य असून वापरणाऱ्यांना हळूहळू सवय होईल. सबब बदल सुचवत नाही." तीनदा वाचली. 'सबब' शब्दाने वजन येतं.

२७ मार्च, गुरुवार

नीट लिहितो.

बायकोने सकाळी पुन्हा तोच धोशा लावला, म्हणून जेवणाच्या सुट्टीत आईकडे गेलो. गल्लीत शिरतानाच कळलं, लाइट जाऊन नुकतीच परत आलीय, लोकांचे पंखे गरगरायला लागले होते. आईचं दार उघडंच होतं. शेजारच्या मावशी हातात कागद घेऊन खुर्चीत बसल्या होत्या, त्यांचा पेन्शनचा अर्ज तीनच्या आत पोचायचा होता.

आई टेबलापाशी स्टुलावर तिरपी बसली होती. डाव्या हातात पडद्याचा दांडा. त्याच्या टोकाला खोडरबर, दोऱ्याने घट्ट बांधलेलं. टेबलाखाली, डब्याच्या मागे, भिंतीला टेकवून बाबांचा दाढीचा आरसा ठेवलेला. आरशात बघत ती दांडा पुढे सारत होती. आरशात सगळं उलटं दिसतं, त्यामुळे दांडा भलतीकडे जायचा. एकदा वायरीला लागला. दुसऱ्यांदा पंख्याच्या जाळीला. तिसऱ्यांदा घसरला, तोल गेला, आणि तिने सावरायला उजवा हात टेबलाकडे नेला. तोंडातून आवाज आला नाही. फक्त डोळे घट्ट मिटले.

मावशी म्हणाल्या, "राहू दे गं, मी उद्या जाते."

"उद्या कशाला? चौथ्यांदा लागतं," आई म्हणाली.

चौथ्यांदा लागलं.

मी दारात उभा. पुढे होऊन बटण दाबायला हवं होतं, पण मी तिथेच थांबलो. ११४६ मला तोंडपाठ होतं, हातवाऱ्यांसकट.

आईने मला बघितलं आणि पहिली गोष्ट काय केली, तर दांडा पाठीमागे लपवला.

"अरे! तू आत्ता कसा?"

"कधीपासून चाललंय हे?"

"काय? हे होय? अरे, ते आपलं..." तिने मावशींकडे बघितलं. मावशींनी छताकडे.

"आई, कधीपासून?"

"मशीन आल्यापासूनच. म्हणून बंदच करत नाही मी. पण लाइट गेली की काय करणार?"

"मला का नाही सांगितलंस?"

"तू इतक्या हौसेने आणलंस. टेबलाखालून बाहेर आलास तेव्हा तुझ्या नाकाला धूळ लागली होती, इतका खूश होतास. कसं सांगू?" मग जरा चाचरत म्हणाली, "पण कंपनीला लिहिलंय मी. तुझं नाव नाही घातलं हां, उगाच तुला बोलणी नकोत. वाचतात ना रे तिथे? कोणीतरी वाचत असेलच की."

"वाचतात," मी म्हटलं.

"मग झालं तर. उत्तर आलं नाही अजून, पण येईल." आणि ती अर्ज टाइप करायला बसली. मावशी सांगत होत्या आणि ती एका दमात टाइप करत होती, खांदा जराही न हलवता.

मला माझी लाज वाटली. दुसरा शब्द नाही.

संध्याकाळी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "माझा दांडा चुकवायला गेलास, आणि आईंच्या हाती दिलास." रागाने म्हणाली नाही, त्यामुळे जास्त लागलं.

२८ मार्च, शुक्रवार

सात वाजता ऑफिसात. सहावा खाना उघडला आणि पहिल्यापासून एकेक वाचला. शाळा, वकील, फरशीचे चरे. सातशे एकोणीस जण. चूक जवळजवळ कोणाचीच नव्हती. ताई नऊला आल्या, माझ्याकडे बघितलं, विणकाम पिशवीत ठेवलं आणि न विचारता अर्धे कागद स्वतःकडे ओढले. म्हणाल्या, "काखेत कळसा नि गावाला वळसा. नंबर बघा म्हटलं होतं मी."

"तेव्हाच स्पष्ट का नाही बोललात?"

"बारा वर्षं फोनवर बसलेय. सांगून कोणाला पटत नाही."

दोनपर्यंत आठवा खाना तयार झाला. बटण. सहाव्यात नऊ जण उरले, त्यातल्या एकाने मशीनवर सरबत सांडलं होतं.

साहेब पानं उलटत म्हणाले, "परवापर्यंत एकसष्ट टक्के वापरणाऱ्याची चूक होती. ती गेली कुठे?"

"माझ्याकडे आली, सर."

"हे लेखी देणार?"

"शेवटच्या पानावर आहे. सहीसुद्धा."

त्यांनी ते पान पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाले, "बरं. पुढे घ्या." परत वर घ्यायचं बघू, असं मात्र या वेळी म्हणाले नाहीत. मीही विचारलं नाही. खुर्चीला चाक तेवढं मागून घेतलं.

चार वाजून दहा मिनिटांनी साचेवाल्या काकांना फोन केला. "काका, खिळा काढा."

ते म्हणाले, "बरं झालं. मी चहा घ्यायचा थांबलो होतो."

नियमाप्रमाणे प्रत्येक प्रतिसादाला उत्तर जायला हवं. इतक्या दिवसांत आम्ही एकही पाठवलं नव्हतं. आज पहिलं पाठवलं, क्रमांक ११४६ ला. सही 'प्रतिसाद विभाग' अशीच केली.

"आपली तक्रार मिळाली. चूक आपली नाही. दुसऱ्या खेपेपासून बटण पुढे येत आहे. आपल्या मशीनसाठी आमचा माणूस रविवारी येऊन सोय करून देईल. ज्याने हे केलं त्याला रागावू नये असं आपण लिहिलं आहे. रागावायला हरकत नाही. उत्तराला उशीर झाला, माफ करावं."

३० मार्च, रविवार

दीड हात वायर, एक बटण आणि डिंक घेऊन आईकडे. टेबलाखाली शिरलो, डबा उघडला, मागच्या बटणाच्या वायरीला जोड दिला आणि नवं बटण टेबलाच्या कडेला, तिच्या डाव्या हाताशी चिकटवलं. वीस मिनिटांत झालं. आईने बोटाने दाबलं. चालू. सगळं नीट बंद केलं, पुन्हा दाबलं. पुन्हा चालू. असं पाच वेळा केलं. मी तोवर दांड्याचं खोडरबर सोडवलं आणि आरसा पुसून बाबांच्या कपाटात ठेवला.

मग ती म्हणाली, "अरे, हे बघ, कंपनीचं उत्तर आलंय," आणि चष्मा लावून मला सगळं पत्र वाचून दाखवलं. मी खाली बसून वायरी गुंडाळत ऐकलं. तिला काही कळलेलं दिसत नाही, आणि ते बरंच आहे.

"चांगला माणूस दिसतो," ती म्हणाली. "चूक कबूल करणारी माणसं कुठे भेटतात हल्ली? आणि म्हणाला तसा माणूसही पाठवला, अगदी रविवारी." मग स्क्रीनकडे झुकून म्हणाली, "पण पूर्णविरामानंतर एकच जागा सोडतो. घरी शिकवलं असणार रे कोणीतरी, ऐकलं नसेल. भेटला तर सांग त्याला."

मी म्हटलं, सांगतो.

"आणि नाक पूस. धूळ लागलीय."